ऐन पावसात वर्कला

रविवार

केरळातल्या वर्कलाला लोक नोव्हेंबर ते मार्चमध्ये जातात. तेव्हा आभाळ मोकळं असतं, लाटा शिस्तीत येतात आणि कड्यावरची सगळी दुकानं उघडी असतात. मी आषाढ संपता संपता गेले, आणि मुद्दाम गेले. आमच्या रत्नागिरीत पाऊस लागला की समुद्राकडे पाठ फिरवतात. होड्या वर ओढून शाकारायच्या, जाळी दुरुस्त करायची आणि नारळी पौर्णिमेची वाट बघायची. सरकारी मासेमारीबंदीही १ जून ते ३१ जुलै असते. अशा दर्याशेजारी वाढल्यामुळे एक प्रश्न बरीच वर्षं मनात होता: ज्या गावाचं पोट लाटांवर, सर्फिंग करायला येणाऱ्या पाहुण्यांवर चालतं, ते गाव पावसाळ्यात काय करतं?

नेत्रावती एक्स्प्रेस रत्नागिरीला दिवेलागणीला आली. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असलं की गाडी सावकाश धावते. कटिंग्जमधून दरड येण्याचा धोका असतो, म्हणून वेगावर मर्यादा घालतात आणि रात्रभर गस्तकरी रुळांवरून चालतात. राजापूरच्या पुढे एका कटिंगपाशी असा एक माणूस खिडकीतून दिसला. डोक्यावर टोपी, अंगात रेनकोट, हातात बॅटरी, आणि गाडी जाईपर्यंत तो भिंतीला टेकून उभा होता. डब्यात आम्ही झोपणार होतो ते त्याच्यासारख्यांच्या भरवशावर.

पाठीवरच्या पिशवीचं एकच सांगते. पावसात सुती कपडे नेऊ नयेत. चार दिवस वाळत नाहीत आणि वास मारायला लागतात. पटकन वाळणारे दोन जोड, पट्ट्याच्या चपला, काथ्याची दोरी आणि भरपूर प्लास्टिकच्या पिशव्या, एवढ्यावर भागतं.

सोमवार

दिवस सगळा गाडीत. मंगळुरूनंतर केरळ सुरू होतं आणि मग माडांना अंत नसतो. एर्नाकुलमनंतर ही गाडी आलप्पुळाच्या बाजूने जाते. भातशेतं, पाणी, पुन्हा शेतं, आणि पाऊस असा की शेत कुठे संपलं आणि कायल, म्हणजे समुद्रालगतचं संथ पाणी, कुठे सुरू झाली ते कळेना. फलाटावर पळंपोरी मिळाली, म्हणजे पिकलेल्या नेंद्र केळ्याची भजी. सोबत कट्टन चाया, बिनदुधाचा. भिजल्या दिवसात या जोडीला तोड नाही.

वर्कला शिवगिरी स्टेशनवर उतरले तेव्हा सहा वाजून गेले होते. गाव तिरुवनंतपुरमच्या उत्तरेला, रेल्वेने चाळीसेक किलोमीटरवर. रिक्षावाल्याने विचारलं, "क्लिफ, चेची? इप्पो?" चेची म्हणजे ताई, आणि "आत्ता?" हा प्रश्न मला पुढे आठवडाभर ऐकायला मिळाला.

उतरले ते एका घरात, वरची खोली. हंगामात जिचे अडीच हजार घेतात ती नऊशेला मिळाली. घर चालवणाऱ्या अम्मांनी नाव विचारायच्या आधी पंचा हातात दिला आणि सुंठ-मिरी-गुळाची चुक्कू काप्पी पुढे केली. जेवायला लाल मट्टा तांदळाचा भात, ताकाची मोरू करी, कप्पा म्हणजे टॅपिओकाचा कंद, आणि तळलेली मत्ती, म्हणजे आपली तारली. पावसाळ्यात ताजी तारली बघून मी थबकलेच. अम्मांना हिंदी थोडं येतं, कारण नवरा आखातात असताना त्या काही वर्षं तिकडे राहून आल्या. त्या म्हणाल्या, "बोट जाती है. छोटा बोट रोज जाती है."

मंगळवार

सकाळी पाऊस थांबला होता म्हणून कड्यावर गेले.

वर्कलाचा कडा हा इथल्या सगळ्या गोष्टींचा पाया आहे, म्हणून त्याबद्दल थोडं जास्त लिहिते. केरळचा दक्षिण किनारा बहुतेक सपाट वाळूचा. इथेच तेवढे सहा-सात किलोमीटर लाल उभे कडे थेट समुद्राला येऊन भिडतात. माथ्यावर जांभा आहे, आमच्याकडे घरं बांधतात तोच. त्याच्याखाली रंगीबेरंगी वालुकाश्म, मग पांढुरकी-राखाडी चिकणमाती, आणि तळाशी काही ठिकाणी लिग्नाइटच्या, म्हणजे अर्धवट कोळसा झालेल्या लाकडाच्या, काळ्या रेघा. या थरांना भूशास्त्रात वर्कलाचंच नाव आहे, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने कड्याला राष्ट्रीय भूशास्त्रीय स्मारकाचा दर्जा दिला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत भारताची जी सात नैसर्गिक स्थळं गेली, त्यांत वर्कला आहे आणि आपलं पाचगणी-महाबळेश्वरही आहे.

पण हे सगळं वाचण्यापेक्षा पावसात बघावं. पापनाशम किनाऱ्याच्या पायऱ्या उतरून कड्याच्या पायथ्याशी उभी राहिले. माथ्यावरून जे पाणी ओघळत होतं ते तांबडंलाल, गढूळ. आणि माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, वालुकाश्म संपून चिकणमाती सुरू होते त्या सांध्यातून जे पाणी झिरपत होतं ते मात्र स्वच्छ, तळ दिसेल असं. जांभा सच्छिद्र, तो पाऊस पिऊन घेतो. पाणी वालुकाश्मातून गाळत गाळत खाली येतं, चिकणमातीपाशी अडतं आणि बाहेर पडतं. या झऱ्यांचं पाणी औषधी मानतात. दोन बायका बाटल्या भरत होत्या, भरसमुद्रासमोर गोडं पाणी.

हाच सांधा कड्याचा घातही करतो. मी त्या मातीवर बोट टेकवलं तर ते घसरूनच गेलं. वरचा जड जांभा पाण्याने आणखी जड होतो, खालची माती निसरडी होते, आणि पायथा समुद्राने कोरलेला असतो. मग एखाद्या रात्री वरचा तुकडा सरळ खाली येतो. भर म्हणून माथ्यावर हॉटेलं, त्यांचं सांडपाणी, त्यांचं वजन. वरच्या पायवाटेवर काही ठिकाणी कठडा हवेत लोंबकळतो आहे, कारण त्याच्याखालची जमीनच गेली आहे. तिथे दोरी बांधून वाट आत वळवली आहे. मला या हॉटेलांचं काही कळत नाही, पण जो कडा बघायला माणसं येतात त्याच्या डोक्यावर टाकी बांधणं मला पटत नाही, आणि ते स्पष्टच सांगावंसं वाटतं.

माथ्यावर सगळं बंद. काश्मिरी शालींची दुकानं, तिबेटी दागिन्यांची दुकानं निळ्या ताडपत्रीत गुंडाळून दोरखंडांनी आवळलेली. दुकानदार आपापल्या डोंगरांत परतलेले. उघडी होती ती चहाची एक टपरी आणि दोन खानावळी, आणि तिथे गावातली माणसं बसली होती. हंगामात ती इथे बसत नाहीत, असं टपरीवाल्याने सांगितलं.

खाली लाल बावटा लावून जीवरक्षक उभे होते. पन्नाशीचे असतील. वाळू अगदी निरुंद राहिली होती. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात आणि पाऊस सरला की परत आणून टाकतात. मी पाण्याकडे बघत होते तेव्हा ते जवळ आले आणि बोटाने दाखवलं: फेसाळत्या लाटांच्या मधोमध एक पट्टा, तिथे लाट फुटत नव्हती, पाणी गडद आणि सपाट. नवख्याला वाटतं हीच उतरायची जागा. पण लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी परत जातं ते तिथूनच, आणि जाताना माणसालाही नेतं. त्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे पोहायचं नाही, दमून माणूस बुडतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं, पट्टा फार रुंद नसतो. हे मी इथे सविस्तर लिहिते आहे, कारण आपल्याकडे गणपतीपुळ्यापासून तारकर्लीपर्यंत दरवर्षी माणसं जातात ती अशाच पाण्यात.

बुधवार

ओडयमच्या बाजूला एक सर्फ शिकवायची जागा आहे, म्हणजे माडांत पत्र्याची शेड. हंगामात तिथे विद्यार्थ्यांची रांग असते. आत्ता एकटा मुलगा होता, पंचविशीचा, आणि बाकड्यावर उपडा घातलेला एक बोर्ड. मी विचारलं शिकवशील का. तो म्हणाला, "पाण्यात नाही, चेची. जमिनीवर शिकवतो. पैसे नकोत." नवशिक्याला जून ते ऑगस्टमध्ये पाण्यात न्यायचं नाही हा इथल्या शहाण्या शिक्षकांचा नियम आहे. जो नेतो म्हणेल त्याच्याकडे जाऊ नये.

पावसाळा म्हणजे त्याच्यासाठी डागडुजीचा हंगाम. बोर्डाच्या आत फोम असतो आणि वरून फायबरग्लासचं कापड रेझिनने चिकटवलेलं. खडकावर आपटला की वरचं कवच फुटतं आणि फोम पाणी पितो. त्याने एका भेगेवर अंगठा दाबला तर खारं पाणी वर आलं, त्याने ते मला चाखायला लावलं. आधी हे सगळं पाणी निथळून, वाळवून काढायचं, त्यातच आठ-दहा दिवस जातात. मग पॉलिश पेपरने घासून, कापड बसवून रेझिन लावायचं. तो वापरतो ते रेझिन उन्हानेच घट्ट होतं, आणि ऊन लागलं की काही मिनिटांत दगड. म्हणून तो काय करतो, तर सगळं तयार ठेवून शेडमध्ये बसून राहतो. अकराच्या सुमाराला ढग फाटले, माडांच्या झावळ्यांवर ऊन पडलं, आणि पुढची पंधरा मिनिटं तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. रेझिन ओतलं, चपट्या पट्टीने सारखं केलं, बोर्ड उचलून अंगणात नेला, उन्हाकडे तोंड करून धरला. पावसाची सर यायच्या आत तो भाग नखाने टकटक वाजत होता. हातातलं काम इतकं नेमकं करणारा माणूस बघणं हाच मला या प्रवासातला मोठा आनंद वाटला.

मग त्याने मला शेडच्या सारवलेल्या जमिनीवर उभं राहायला शिकवलं. पालथं झोपायचं, तळवे बरगड्यांशेजारी, मान वर, नजर किनाऱ्यावरच्या एका माडावर. मग एका हिसक्यात मागचा पाय, पुढचा पाय, गुडघे वाकलेले. गुडघा टेकायची सवय लागली की ती जात नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा करायला लावत होता. लीश, म्हणजे बोर्डाला आपल्याशी बांधणारी दोरी, कायम मागच्या पायाला.

नंतर आम्ही कड्यावर बसून लाटा मोजल्या. मोबाइलवर सेकंद लावले. एक लाट फुटल्यापासून दुसरी फुटेपर्यंत आठ, नऊ, सात, नऊ. ही इथल्याच मॉन्सून वाऱ्याने उठवलेली लाट, उंच पण आखूड आणि मोडकी. सर्फिंगला हवी असते ती लांबून आलेली, दक्षिणेच्या महासागरातल्या वादळांत जन्मून हजारो किलोमीटर चालत आलेली. वाटेत ती निवळते, दोन लाटांमध्ये चौदा-पंधरा सेकंद पडतात, आणि मग किनाऱ्याजवळ ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सावकाश उलगडत जाते. तशी लाट पावसाळा सरल्यावर.

तो मच्छीमाराचा मुलगा. वडील अजून समुद्रावर जातात. केरळात पावसाळी बंदी बावन्न दिवसांची, ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत, पण ती मोठ्या ट्रॉलर्सना. लहान पारंपरिक होड्यांना मुभा आहे, म्हणून अम्मांच्या ताटात तारली होती. बापाने होडीवरून लाट ओळखायला शिकवली आणि पोराने तीच ओळख बोर्डावर वापरली, असं या किनाऱ्यावर बऱ्याच घरांत घडलं आहे. तिरुवनंतपुरमजवळच्या कोवळममध्ये वाढलेल्या रमेश बुदिहाल याने ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत कांस्यपदक मिळवलं, भारताचं त्या स्पर्धेतलं हे पहिलं वैयक्तिक पदक. वर्कलाच्या इडवा भागातल्या वेट्टकडा किनाऱ्यावर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय सर्फिंग महोत्सव झाला. त्या महोत्सवाबद्दल बोलताना मुलाचे डोळे चमकत होते.

दुपारी बसने कप्पिलला गेले. एका हाताला कायल, दुसऱ्या हाताला समुद्र, मधून रस्ता. पाऊस इतका कोसळला की दोन्ही दिसेनासे झाले, आणि त्याच बसने परत आले.

गुरुवार

आज कर्किडकम महिन्यातली अमावास्या, वावुबली. म्हणजे आपली आषाढी अमावास्या, दिव्यांची. केरळात या दिवशी पितरांना पिंड देतात आणि त्यासाठी पापनाशम हे दक्षिण केरळातलं मोठं ठिकाण.

अम्मा दरवर्षी नवऱ्यासाठी बसतात. आदल्या दिवशी त्यांनी भात एकदाच खाल्ला होता. मी रात्री विचारलं, मला आजीसाठी बसता येईल का? त्या म्हणाल्या, नाव आणि नक्षत्र माहीत असलं की झालं. आईला फोन केला. नक्षत्र मघा.

पहाटे चारला निघालो. पाऊस चालूच. जनार्दनस्वामींच्या देवळाच्या टेकडीपासून किनाऱ्यापर्यंत छत्र्यांची रांग, आणि त्या रांगेत कोणी कोणाला ढकलत नव्हतं. या देवळात एक जुनी घंटा आहे, एका डच जहाजाच्या कप्तानाने ती वाहिली असं सांगतात. अंधारात तिचा आवाज आला आणि अम्मांनी हात जोडले.

किनाऱ्यावर मांडव होते. वीस-पंचवीस जणांची एक पंगत बसते, पुढे विधी सांगणारे गुरुजी ध्वनिक्षेपकावर. समोर केळीचं पान, त्यावर शिजवलेला भात, काळे तीळ, फुलं, चंदन, पाण्याचं भांडं. अनामिकेत दर्भाचं पवित्र. माझ्या एका बाजूला अम्मा, दुसऱ्या बाजूला एक पोलीस हवालदार, ड्यूटी संपवून गणवेश पिशवीत ठेवून आलेला. त्याच्या पलीकडे दोन बहिणी, कॉलेजातल्या, वडिलांसाठी. बायका मांडीला मांडी लावून बसल्या होत्या आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. आमच्या घरी आजीचे दहाव्याचे पिंड चुलतभावाने दिले होते. मी तिची सख्खी नात, शेवटचे सहा महिने तिच्या खोलीत झोपलेली, घाटावर मागे उभी होते. आज मल्याळम न कळताही अम्मांच्या हाताकडे बघून भात कालवला, तीळ घातले, तिचं नाव घेतलं. लक्ष्मी, मघा. ते नाव मी मोठ्याने कधी उच्चारलंच नव्हतं, ती नेहमी आजीच होती.

मग पान दोन्ही हातांनी डोक्यावर धरून पाण्याकडे. अमावास्येची भरती. इथे भरती-ओहोटीतला फरक आमच्यापेक्षा बराच कमी, पण लाटांचा जोर होता. जीवरक्षक आणि अग्निशमन दलाची माणसं हात धरून साखळी करून कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, त्यांच्या पुढे दोरखंड. मंगळवारचे ते जीवरक्षकही त्यांत होते, त्यांनी मला ओळखलं आणि आपल्यासमोर घेतलं. समुद्राकडे पाठ करायची आणि पान मागे सोडायचं. लाट येऊन गुडघ्यांवर आदळली, परत फिरताना वाळू पायाखालून सरकली, त्यांनी दंडाला धरून ठेवलं. एका बुडीनंतर बाहेर.

बाहेर आल्यावर ओल्या हातांनी टाळ्या वाजवून कावळ्यांना बोलावतात. हजार-दोन हजार माणसं पावसात टाळ्या वाजवत होती. कावळे माडांवर भिजून बसले होते, त्यांना घाई नव्हती. आमच्या पानाशेजारी एक उतरला तेव्हा अम्मा म्हणाल्या, "उनको भूख था." त्यांच्या नवऱ्याला आखातात असताना कधी वेळेवर जेवायला मिळालं नाही, हे त्यांनी परतीच्या वाटेवर सांगितलं.

घरी येईपर्यंत आईने फोटो पाठवला होता. पाटावर सगळे दिवे घासूनपुसून मांडलेले, समया, निरांजनं, आजीचा पितळी कंदील, आणि पुढे कणकेचे दिवे. अम्मांनी तो फोटो बराच वेळ मोठा करून बघितला. संध्याकाळी त्यांनी कर्किडक कंजी केली, ‘नवरा’ नावाचा तांदूळ, मेथी, औषधी पाला आणि नारळाचं दूध घालून केलेली पेज. हा महिना इथे अंगाला जपायचा महिना, घरोघर संध्याकाळी रामायण वाचतात. अम्मांचं वाचन माझ्या खोलीत खालून ऐकू येत होतं.

शुक्रवार

अंचुतेंग वर्कलाच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर. बसमधून उतरलं की लगेच किल्ला दिसतो, लहानसा चौकोनी, चार बुरुज. अत्तिंगलच्या राणीने सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांना इथे वखारीला परवानगी दिली, मिरीच्या व्यापारासाठी. १७२१ मध्ये राणीला नजराणा द्यायला वाजतगाजत निघालेल्या शंभराहून अधिक इंग्रजांना लोकांनी मारून टाकलं आणि मग किल्ल्याला कित्येक महिने वेढा पडला. प्लासीच्या छत्तीस वर्षं आधीची ही गोष्ट. वखारीचा कारभार मुंबईच्या इंग्रजांकडे होता. आणि मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिणाऱ्या सुरुवातीच्या लेखकांपैकी रॉबर्ट ऑर्म १७२८ मध्ये जन्मला तो इथेच. किल्ल्याच्या आत हिरवळ आणि पाऊस, दुसरं कोणी नव्हतं.

किल्ल्यापेक्षा मी त्याच्यापलीकडच्या वस्तीत जास्त वेळ होते. मच्छीमारांची घरं आणि समुद्र यांच्यामध्ये काळ्या दगडांचा बांध, आणि काही ठिकाणी बांधाच्या पुढेच भिंती उभ्या, छप्पर नाही, मधून लाट जाते. एका मावशींनी दाराशी वाळूच्या पोत्यांची उतरंड रचली होती. त्यांनी हातवारे करून सांगितलं, स्वयंपाकघर तिथे होतं. तिथे आता पाणी होतं.

कधी कधी वारा नसताना, आभाळ निरभ्र असताना समुद्र एकाएकी घरांत शिरतो. त्याला इथे कल्लक्कडल म्हणतात. कारण तेच, दक्षिण महासागरातली वादळं. ज्या लांबच्या लाटेची सर्फर वाट बघतात, तीच भरतीच्या वेळी फार मोठी आली की या वस्तीत शिरते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आता त्याचा आगाऊ इशारा देते आणि तो मोबाइलवर येतो, पण मोबाइलवर इशारा आला म्हणून घर उचलून नेता येत नाही.

थोडं पुढे मुतलप्पोळी. वामनपुरम नदी समुद्राला मिळते त्या मुखाशी दोन बाजूंना दगडी धक्के घालून बंदर केलं. मुखात वाळू साचते, उथळ पाण्यावर लाट अवचित फुटते आणि आत येणारी होडी धक्क्यावर आपटते. पावसाळ्यात इथे अनेक मच्छीमारांचे जीव गेले आहेत, दरवर्षी आंदोलनं होतात, वाळू उपसली जाते, पुन्हा साचते. मी धक्क्यावर उभी असताना एक होडी आत आली. सुकाणूवरचा माणूस मुखाबाहेर थांबून राहिला होता, यंत्र चालू, तोंड समुद्राकडे. एक लाट गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. मग एकदम वळून त्याने पूर्ण वेगात होडी आत घातली. धक्क्यावरच्या बायकांनी तोपर्यंत श्वास रोखून धरलेला मला शेजारी जाणवत होता. टोपल्यांत बांगडा होता, फार नाही.

शनिवार

शिवगिरी मठ स्टेशनपासून चालत जाण्याएवढा. नारायण गुरूंनी १९०४ च्या सुमाराला इथे वास्तव्य सुरू केलं आणि २० सप्टेंबर १९२८ रोजी इथेच देह ठेवला. ज्या समाजाला देवळाच्या रस्त्यावरूनही चालू देत नव्हते, त्या समाजात जन्मून त्यांनी स्वतः मूर्ती स्थापल्या आणि माणसाला एकच जात, एकच धर्म, एकच देव असं सांगितलं. जोतिरावांच्या महाराष्ट्रातून आलेल्याला इथे परकं वाटत नाही. १९१२ मध्ये स्थापलेलं शारदेचं देऊळ अष्टकोनी आहे, सगळीकडून खिडक्या, आत उजेड. तिथे पूजेचा घोळ नाही, ती विद्येची देवता. १९२५ मध्ये गांधीजी इथे आले होते. समोरच्या आंब्याची पानं जशी लहानमोठी, तसे मनुष्यांतले भेद स्वाभाविकच, असं गांधीजी म्हणाले तेव्हा, पानं चुरडली तर रस सारखाच लागेल, असं गुरूंनी उत्तर दिलं, असं सांगतात. मठात पावसामुळे गर्दी नव्हती. समाधीच्या टेकडीवर एक शाळेची सहल रांगेत उभी होती आणि मुलं छत्र्यांचं पाणी एकमेकांवर झटकत होती.

उतरताना वर्कला तुरप्पू, म्हणजे जुन्या कालव्याचे बोगदे बघितले. तिरुवनंतपुरमपासून उत्तरेकडे जलमार्ग नेताना वर्कलाचा हाच जांभ्याचा डोंगर आडवा आला, म्हणून १८६७ च्या सुमाराला तो पोखरायला घेतला. दोन बोगदे, मोठा सातशे मीटरहून लांब, आणि काम पुरं व्हायला दहाहून अधिक वर्षं लागली. काम सुरू झालं तेव्हा त्रावणकोरचे दिवाण होते टी. माधवराव, तंजावरच्या मराठी घराण्यातले. आज तिथे गाळ आणि जलपर्णी, पाणी मात्र तोंडातून वाहत होतं.

रविवार

सकाळच्या पॅसेंजरने तिरुवनंतपुरम. परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून सचिवालयासमोर गेले. त्या चौकाला सगळे स्टॅच्यू म्हणतात, आणि तो पुतळा माधवरावांचा. समोरची सचिवालयाची इमारत त्यांच्याच कारकिर्दीतली. १८७२ मध्ये ते इथून गेले, पुढे इंदूरला आणि मग बडोद्याला दिवाण झाले, सयाजीराव महाराज लहान असताना तो सगळा कारभार त्यांनी सांभाळला. बसच्या रांगेतल्या एका आजोबांना मी सांगितलं की हे मराठी होते. ते म्हणाले, ठाऊक आहे, पण पाणी त्यांनी आमच्या गावापर्यंत आणलं.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बोर्डावर उभं राहायला शिकायचं असेल तर ऑक्टोबरच्या शेवटापासून जावं. तेव्हा वारा पडतो, वाळू परत येते आणि लाट नवशिक्यांना झेपते. पावसाळ्यात जाणार असाल तर लाल बावट्याच्या अलीकडे राहावं, कड्याच्या टोकापासून चार पावलं मागून चालावं, खोलीचं भाडं फार घासाघीस करून पाडू नये, कारण या चार महिन्यांत त्या घराला दुसरं उत्पन्न नसतं, आणि वावुबलीच्या आठवड्यात जायचं तर परतीचं तिकीट दोन महिने आधी काढावं.